माहेरावरचा ठपका

"माह्यापासून?" खुशालराव खुर्चीतून अर्धे उठले. "बाईमानसाचा रोग बापापासून कसा येईन, म्याडम? रक्ताच्या बाटल्याईची अदलाबदल झाली असन."

अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हर्षा हसल्या नाहीत. खुशालरावांची मुलगी रागिणी शेजारी बसली होती. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती. ती अकोल्यालाच राहायची, तपासणी कधी चुकवायची नाही. यंदा डॉक्टरांनी तिची जनुक तपासणी करवली आणि दोष सापडल्यावर आईवडिलांचंही रक्त मागवलं.

"अदलाबदल नाही, काका. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. काकूंच्या रक्तात तो नाही, तुमच्या आहे. तुमच्या घरात कुणाला कॅन्सर झाला होता?"

"कोनालेच नाई."

"बाबा," रागिणी म्हणाली, "जमुनाआत्या कशानं गेली?"

खुशालराव परत खुर्चीत बसले. जमुना त्यांची धाकटी बहीण. ऐन उमेदीत छातीत गाठ होऊन गेली. घरात सगळे त्याला गळू म्हणायचे, तेही गळूच म्हणत आले होते.

डॉक्टर पुढे बरंच बोलल्या. रागिणीची तपासणी आता आणखी बारकाईनं करावी लागेल, तिच्या भावाचं, अमोलचंही रक्त तपासायला हवं. खुशालराव मान हलवत होते, पण मन मात्र सासुरवाडीच्या ओसरीवर जाऊन बसलं होतं.

अमोलला मामाचीच मुलगी करायची, हे प्रणाली पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. साखरपुड्याची बैठक नेमकी रागिणीच्या ऑपरेशननंतर आली. दुर्गाबाईंची, म्हणजे खुशालरावांच्या बायकोची, आजी पोटातल्या गाठीनं गेली होती. तेवढंच धरून हे गृहस्थ भर बैठकीत कडाडले होते, "रोग या लोकाईच्या घरान्यात हाय! एक आनली, तं माही पोरगी भोगून राहिली. दुसरी नाई आनत." मेव्हणा मोतीराम, प्रणालीचा बाप, हात जोडून उभा होता.

बोललेलं गावोगाव गेलं. प्रणालीला स्थळं येईनात, शेवटी बिजवराच्या गळ्यात बांधली. दुर्गाबाईंचं माहेर तुटलं. मोतीराम दर भाऊबीजेला निरोप धाडायचा आणि खुशालराव बायकोला जाऊ द्यायचे नाहीत. गेल्या वर्षी मोतीराम अचानक गेला. बहिणीला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रागिणी म्हणाली, "आईले तुमीच सांगा. मी नाई सांगत."

नांदगावला घरी दुर्गाबाई तुरी पाखडत होत्या. खुशालरावांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांच्यासमोर बसायची हिंमत झाली नाही.

"मंग अमोलले उद्याच पाठवा अकोल्याले," दुर्गाबाई आधी म्हणाल्या. मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हनजे माह्या माहेराचं काईच नव्हतं?"

"नव्हतं."

"माहा भाऊ हात जोडून उभा होता."

हिनं आता चार शिव्या द्याव्यात, असं खुशालरावांना फार वाटलं. तिनं एकही दिली नाही.

"चुकलं माहं," ते म्हणाले.

"मले काहून सांगता? बैठकीत बोलले होते ना तुमी, चार लोकाईसमोर? हेबी तिथंच सांगा."

रविवारी दोघं रिद्धपूरजवळ दुर्गाबाईंच्या माहेरी गेली. दुर्गाबाईंनी फोन केला होता, त्यामुळे मोतीरामच्या बायकोनं, गंगूबाईंनी, भावकी बोलावून ठेवली होती. प्रणालीही सासरहून आली होती, दाराशी उभी होती. खुशालराव ओसरीवर सगळ्यांसमोर उभे राहिले.

"रोग माह्याच घरचा निंगाला. यायच्या घरचा नाई. मी खोटं बोललो होतो, तुमी सगळ्याईनं आयकलं होतं. आता हेबी आयका."

प्रणाली आत निघून गेली.

"बरं केलं, जवाईबुवा," गंगूबाई अखेर म्हणाल्या. "पन हे त्यायनं जितेपनी आयकाले पायजे होतं."

चहा झाला. खुशालरावांनी चपला घातल्या आणि मागे वळून पाहिलं. दुर्गाबाई भावजयीला खेटून बसल्या होत्या.

"चालतं ना घरी?"

"तुमी निंगा. मी राहीन इथं."

"किती दिवस?"

"भाऊबीजा राहिल्या हायेत माह्या," दुर्गाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

खुशालराव मग एकटेच फाट्याकडे चालू लागले.