पाण्यावरचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं, मोडकं पितळी कुलूप आहे. सध्या न्यायालयाच्या मुद्देमालाच्या खोलीत गळ्यात चिठ्ठी अडकवून पडलो आहे.

ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं मला चार वेळा फरशीवर आपटलं आणि म्हणाला, "याच्या नादी कुणी लागणार नाही." मी फुगलो. पुढं साबणाच्या कारखान्यात गेलो. तिथं मला लावलं कुठं? पिण्याच्या पाण्याच्या खोलीला! पाण्याच्या निमित्तानं बाया गप्पा मारतात म्हणे. किल्ली मुकादमाच्या खिशात. मुकादम माझं कौतुक करायचा, तहानलेली माणसं शिव्या घालायची. शिव्याच खऱ्या होत्या.

एका दुपारी साबणात घालायचं जळजळीत कॉस्टिक उडालं आणि एका बाईच्या डोळ्यात गेलं. पाणी हवं होतं, तेही त्याच क्षणी. मुकादम घरी जेवायला गेलेला, बाहेरचा नळ कोरडा. तिची वहिनी तिथंच साबणाच्या वड्या कापायची. ती पहार घेऊन आली आणि एका घावात माझी कडी उडवली. नणंदेचा डोळा वाचला. वहिनीला मात्र मालकानं घरी बसवलं, वर नुकसानीचा फौजदारी खटला. गुन्हा शाबीत झाला तर काम कायमचं गेलं.

तिच्या वकिलानं पढवलं होतं, कुलूप आधीच मोडलेलं होतं म्हणून सांग. ती कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मीच तोडलं." वकिलानं कपाळाला हात लावला.

मालकाचा वकील म्हणाला, नणंदेच्या मायेपोटी बाईचं डोकं फिरलं.

"कसली माया? दोन वर्षं आम्ही बोलत नाही. पण मुकादमाचं जेवण होईस्तोवर डोळा थांबतो का?"

"नाहीच बोलत," मागच्या बाकावरून नणंदेनं दुजोरा दिला.

न्यायाधीशांनी मला हातात फिरवून पाहिलं. दुसरा मार्ग होता का? नव्हता. गरजेपेक्षा जास्त काही मोडलं का? दार, माठ, पेले, सगळं धड होतं.

"गरज सगळ्यांनाच असते," ते म्हणाले. "तेवढ्यावर कुलपं तोडता येणार नाहीत. इथं नाइलाज होता. तोडलं हे खरं, पण गुन्हा नाही."

ती कामावर परत गेली. मी इथं सुखात आहे. उभ्या आयुष्यात एकच चांगलं काम माझ्या हातून झालं, ते मोडताना.

मित्रांनो, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. दागिन्यांना खुशाल लावा. पाण्याला, औषधाला, बाहेर पडायच्या दाराला लावू नका. आणि तिथं कुणी पहार उचललीच, तर आधी कुलूप लावणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करा.