टाकीला लावलेला साबण

दसऱ्याला गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्यात यंत्रं धुण्याचा मान माझा. तीस वर्षांचा फिटर मी. या हरेश्वरने हात लावला की बिघाड पळतो असं लोक म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो. यंदाही सगळं लखलखीत घासलं, झेंडूचे हार चढवले.

तिसऱ्या दिवशी हेमांगीचं यंत्र रुसलं. हेमांगी आमची इंजिनिअर. तीन वर्षं खपून तिने मेंब्रेन बनवलं होतं: शेवयांसारख्या पोकळ नळ्या, अंगभर न दिसणारी छिद्रं. नळीतून बायोगॅस जातो, बाहेरून द्रावण वाहतं. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून जाऊन द्रावणात विरतो. मात्र छिद्रं कोरडी हवीत. त्यांत द्रावण शिरलं की वाट तुंबली. नव्वद टक्के निघणारा कार्बन डायऑक्साइड पन्नासवर आला होता.

"काका, माझं मेंब्रेनच कच्चं," ती म्हणाली. "परेशसरांना मेल लिहिलाय, हे काम बंद करू या म्हणून. फक्त पाठवायचाय." परेशसर म्हणजे आमचे मालक. तिचे डोळे भरले होते.

मी आधी नळ्यांचं प्लास्टिक देणाऱ्याला शिव्या घातल्या, मग पंपाला. मग काचेतून द्रावणाच्या टाकीत डोकावलो. द्रावणावर फेस होता. टाकी मी आतूनही घासली होती, कपड्यांच्या पावडरीने, आणि हार चढवायच्या घाईत दोन बादल्या पाण्यात खळबळून उरकली होती. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता, पण पोरीच्या तीन वर्षांवर पाणी पडलं असतं.

"बाय, साबन माझा हाय," मी म्हणालो.

तिने काचेला डोळा लावून फेस बघितला. "साबण? अहो काका, साबणाचं पाणी कुठेही शिरतं! म्हणजे मेंब्रेन चांगलं आहे!" रडता रडता हसली आणि मेल पुसून टाकला. माझ्या तर जिवात जीव आला.

टाकी सात वेळा धुतली. नव्या नळ्या, नवं द्रावण. आठ दिवस आकडा नव्वदवरून हलला नाही.

घरी बायकोला, बायजाला, सगळं सांगितलं. मला वाटलं, खरं बोललो म्हणून कौतुक करेल.

"तीस वर्षांत घरातलं एक ताट घासलं नाय," ती म्हणाली, "न् टाकीला बरा साबन लावता आला!"

जेवणानंतर ताटं मी घासली. सात पाण्यांनी धुतली.