डाव्या पायाचा मोजा

पँट उतरवून किल्ट नेसलेल्या फर्करनी मोजा गुडघ्यापर्यंत ओढला, वरची दुमड चार बोटं खाली पाडली आणि हात सोडला. मोजा क्षणभर जागच्या जागी थांबला. मग पोटरीवरून हळूहळू ओघळत घोट्यावर येऊन बसला.

"हाही तसलाच," ते म्हणाले.

"मोजाच वाईट आहे, बाबा," इशबेल घाईनं म्हणाली. "काढा तो. दुसरा बघू."

काउंटरमागून जेसीबाईंची मान वर आली. इन्व्हरनेसच्या त्या अरुंद गल्लीत किल्ट, म्हणजे पुरुषांचे चौकड्यांचे घोळदार घागरे, आणि किल्टवरचे मोजे विकण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता.

"वाईट? माझ्या दुकानातला मोजा वाईट? अगं बये, हे घालून लोक डोंगर चढून उतरतात. उजवा बघ की! कसा खांबासारखा उभा आहे."

उजवा खरंच उभा होता. तीच तर पंचाईत होती.

शनिवारी इशबेलच्या लेकीचं, मरसलीचं लग्न. चर्चमध्ये स्तोत्र उचलायचं, म्हणजे आधी एकट्यानं ओळ टाकायची आणि मग सगळ्यांनी ती झेलायची, ते काम आजोबांचं. बाकी कुणी उचलणार नाही असं मरसलीनं मागच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. पत्नी एफी गेल्यापासून फर्करनी एकदाही सूर लावला नव्हता. नातीसाठी मात्र हो म्हणाले होते. म्हणजे आता सगळ्या गावासमोर, मंचाच्या पायथ्याशी, एकट्यानं उभं राहायचं. किल्ट गुडघ्याशी संपतो. त्याखाली बुटापर्यंत जे दिसतं ते मोज्यांचंच. एफीच्या हातचे शेवटचे मोजे टाचेशी इतके विरले होते की रफू करायला लोकरच उरली नव्हती.

आणि डाव्या पायाचं काय, हे फर्करना ठाऊक नव्हतं. निदान इशबेलची तशी समजूत होती.

तरुणपणी हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटीवर दोर पायात अडकून त्यांची डावी नडगी मोडली होती. हाड सांधलं, पण पोटरी वाळली ती वाळलीच. पुढं कितीतरी दिवस त्यांनी किल्ट नेसला नाही. लग्नानंतर एफीनं पहिली जोडी विणून हातात ठेवली आणि ते आरशासमोर उभे राहिले, तर दोन्ही पाय सारखे! "डॉक्टर म्हणालेच होते, वेळ लागेल पण भरून येईल," असं ते त्यानंतर ज्याला त्याला सांगत सुटले. भरून काही आलं नव्हतं. एफीनं डाव्या मोज्यात टाके कमी घेतले होते आणि लोकर दुहेरी लावली होती. आतून घट्ट, बाहेरून भरघोस.

समारंभाच्या सकाळी ती स्वतः मोजे खुर्चीवर मांडून ठेवायची. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. शेवटच्या आजारात इशबेलचा हात धरून तिनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: मोजे असेच मांडत जा, आणि त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर किल्ट पेटीत जाईल, आणि किल्टच्या मागोमाग माणूसही.

इशबेलनं वचन दिलं होतं. विणकाम मात्र तिला कधी साधलं नाही. आईनं शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मोज्याची वरची दुमड उलटी विणावी लागते, कारण घडी पडल्यावर आतली बाजू बाहेर येते. इशबेल ती दर वेळी सुलटी विणायची आणि घडी घातली की सगळी नक्षी आत गडप. आई पोट धरधरून हसायची.

त्या संध्याकाळी आता पुन्हा यायच्या नव्हत्या. शेगडीत पीट, दलदलीतल्या वाळल्या मातीचं जळण, धुमसतंय, बाबा खिडकीशी उभे राहून स्तोत्राची ओळ टाकताहेत, आणि आई सुया न थांबवता ती झेलते आहे. ओळ तिच्या गळ्यात शिरायची, वळसे घेत फिरायची आणि पुन्हा बाबांच्या स्वाधीन व्हायची. रविवारी विणणं वर्ज्य. पण म्हातारे पाद्रीबाबा प्रवचन करता करता सुरात शिरले, शब्द तरंगायला लागले आणि बोलण्याचं गाणं झालं, की एफीची मांडीवरची बोटं आपोआप हलू लागायची. शेजारी बसलेली छोटी इशबेल ती बोटं बघत राहायची. आई देवाच्या दारातसुद्धा टाके मोजते आहे असं तिला वाटायचं, आणि देवाला ते चालत असणार याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

"हे घे, हातचे आहेत," म्हणत जेसीबाईंनी एक जोडी पुढं केली. इशबेलनं हळूच चिठ्ठी उलटून किंमत बघितली आणि जोडी होती तशी ठेवली.

"बरं केलंस," जेसीबाई म्हणाल्या. "ते अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी. तुझ्या बाबांना मी ते विकणार नाही. आणि ते पांढरे स्वस्तातले तर हातात पण घेऊ नकोस. लोकरीचा वाससुद्धा लागलेला नाही त्यांना, नाच सुरू होण्याआधी खाली येतील. हे मधले बघ. उलटे करून टाच बघायची आधी. निव्वळ लोकर टाचेला टिकत नाही, थोडा नायलॉनचा धागा मिसळलेला बरा. आता ताण. सोड. बघ, कसा माघारी गेला! बत्तीस पौंडात याहून चांगला मोजा दाखवलास तर मी दुकान बंद करते."

मोजा चांगलाच होता. राखी-हिरवा, हेदरच्या झुडपांनी भरलेल्या माळासारखा. फर्करनी तो चढवला. उजवा उभा राहिला. डावा खाली आला.

"आतून गार्टरचा पट्टा घट्ट बांधला तर?" इशबेल म्हणाली.

"आणि रक्त थांबलं म्हणजे सूर काय कानातून काढू?" फर्कर म्हणाले.

जेसीबाई खुसखुसल्या. इशबेलला हसू येईना. तिची नजर जमिनीवर खिळली होती. बाई आता कुठल्याही क्षणी वाकतील, दोन्ही पोटऱ्या चाचपतील आणि जे लपवायचं तेच मोठ्यानं बोलून टाकतील.

"बाबा, हल्ली बरेच जण टार्टनची चौकड्यांची पँटच घालतात," ती म्हणाली. "ऊबदार असते. जॉर्डीमामांनी नाही का घातली होती?"

"जॉर्डी पँटमध्ये आला काय, न आला काय, त्याला कुठं सगळ्यांपुढं उभं राहून गायचं असतं?" फर्कर म्हणाले. मग त्यांनी इशबेलकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खाली उतरलेला मोजा त्यांनी पायातून काढला आणि गुडघ्यावर ठेवून सारखा केला.

"जेसीबाई, यातच लहान माप आहे?"

"आहे की. पण उजवा तर अगदी बसलाय तुम्हाला, काका."

"उजव्याला हाच. डाव्याला लहान द्या. आमची ही घरी तसंच विणायची."

जेसीबाई एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघून मागच्या फळीकडे वळल्या.

इशबेलच्या डोळ्यांसमोर मागचा हिवाळा आला. तिच्या मावशीचा अंत्यविधी. बर्फानं रस्ता अडला आणि मोजे मांडायला ती वेळेवर पोचली नाही. येऊन बघते तर बाबा तयार होऊन दारात उभे, दोन्ही मोजे बरोबर. नशीब, असं म्हणून तिनं तेव्हा सुस्कारा टाकला होता.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या जोडीपासून. एकदा घाईत अदलाबदल झाली. एक ढोलासारखा ताठ, एक लोंबकळतोय. माझं पायाचं हाड मोडलं होतं, पोरी. डोकं शाबूत होतं."

"मग ते भरून आलं, भरून आलं म्हणून गावभर सांगत काय होतात?"

"तिच्यासमोरच सांगायचो ना."

जेसीबाईंनी लहान मापाची जोडी आणून दिली आणि चष्म्याच्या काचा पुसत दुसरीकडे गेल्या. फर्करनी मोजा चढवला. तो वर गेला आणि वरच राहिला. दुमड दोन्हीकडे एका रेषेत आली. पण खालची पोटरी काठीसारखी बारीक ती बारीकच दिसत होती.

"दिसतंय, बाबा," इशबेल हळूच म्हणाली.

"दिसणारच. आहेच बारीक."

"तिला एकदा सांगायचं तरी."

फर्करनी दुमडीवरून अंगठा फिरवला.

"मोजे मांडले की ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. माझं घालून होईपर्यंत वळायची नाही. मग वळून बघायची. सांगितलं असतं तर ते बघणं गेलं असतं."

इशबेलनं पाकिटात हात घातला, पण डोळ्यांतल्या पाण्यानं तिला पैसे दिसेनात. जेसीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"अगं, घाबरू नकोस. दोन्ही जोड्या घेऊन जा. लहान दोन, मोठे दोन. म्हणजे त्यांच्या दोन जोड्या झाल्या. वाया काहीच गेलं नाही. दुसरी जोडी अर्ध्या किमतीत देते, पण लग्नात स्तोत्र ऐकायला मला बोलवायचं."

"बोलावणं कशाला लागतं?" फर्कर उठत म्हणाले. "मागच्या बाकावर बसा. ओळ टाकली की झेलायला कुणीतरी हवंच."

इशबेलनं त्यांची पँट पुढं केली. त्यांनी ती घेतली आणि घडी घालून पिशवीत टाकली. काठी हातात घेऊन, आहेत तसेच, किल्टवर ते दाराकडे चालू लागले. बाहेर बाजाराचा दिवस होता, रस्ताभर माणसं होती. दारात ते एकदा खाकरले, गळा मोकळा केला, आणि डावा पाय आधी बाहेर टाकला.