ठुशीमागचा गळा

हवालदार सर्जेरावानं अनंत चिताऱ्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि तलवारीची मूठ उगारली.

"बाई कुठं ऱ्हाती, बोल. न्हाईतर बोटांचा भुगा करतो."

भिंतीला टेकवून फळीवरचं चित्र उभं होतं. नाकात नथ, गळ्यात ठुशी, मान जराशी कलती. पेशवाईतल्या कुणा सरदारानं ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिलं आणि हुकूम सोडला, ही बाई आज वाड्यात पाहिजे. म्हणून ती फळी आणि दोन शिपाई घेऊन सर्जेराव कसबा पेठेत घुसला होता. मार खाऊन अनंतचा कान फाटला होता.

"अहो, ती बाई नाही. तमाशातला नाच्या आहे, दत्तोबा. गळ्याची घाटी झाकायला ठुशी काढलीय मी."

"हे डोळं बाप्याचं हायत व्हय?"

मूठ करंगळीवर आदळली. हाड वाजलं.

तेवढ्यात दत्तोबाच दारात आला. पस्तिशी उलटलेली, गालावर दाढीचे खुंट, बगलेत फडाच्या लुगड्याचं गाठोडं. खोटं कशाला बोला, तो आधी मागं सरला. मग अनंतची उरलेली बोटं त्याला दिसली.

"सोडा त्याला. चित्रातली ती मीच."

शिपाई फिदीफिदी हसले. "हवालदार, नवरीला मिशा फुटल्यात."

दत्तोबानं गाठोडं सोडलं. लुगडं नेसला, पदर घेतला, मान कलती केली आणि सर्जेरावाकडं नुसतं पाहिलं. हसणं बंद पडलं. सर्जेरावाची पकड सैल झाली, नजर आपसूक खाली गेली, बोहल्यावरच्या नवऱ्यासारखी.

एक शिपाई उगाच खाकरला. तेवढंच पुरलं. सर्जेरावानं कट्यार उपसली आणि दत्तोबाचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. मग लाथ घालून फळी मोडली.

"सरदारांस्नी सांगा, बाई मेली," तो शिपायांना म्हणाला आणि निघून गेला.

अनंत पाणी घेऊन धडपडत आला. दत्तोबानं त्याला थोपवलं. गालावर चिंधी दाबून धरली आणि रक्त लागू न देता लुगडं सोडलं.

"फडाचं आहे," तो कसाबसा बोलला. "उद्यापासून माझ्या जागी फडातला श्यामसुंदर नेसेल. अंगानं जाड आहे तो. निऱ्या कमी येतील."

अनंतनं करंगळी सांभाळत दुसरं टोक धरलं. दोघांनी काठाला काठ लावला आणि घडी घालायला घेतली.