पाठीची शिलाई

"शटर उघडा मास्तर, मी आहे," म्हणत बाहेरून तिसऱ्यांदा थाप पडली, तेव्हा मास्तर काळा कोट छातीशी धरून आपल्या शिंपीकामाच्या दुकानात येरझारा घालत होते. थाप कोणाची ते त्यांना पहिल्याच थापेला कळलं होतं, म्हणून तर ते उघडत नव्हते. शेवटी बायकोनेच शटर कमरेइतकं वर केलं आणि मोठेभाऊंचा ड्रायव्हर वाकून आत आला.

मोठेभाऊ पहाटे गेले होते. आठच्या बातम्यांत ते सांगितलं आणि दहा मिनिटांत सगळी गल्ली बंद झाली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीवर उठवून दुकानाला कुलूप ठोकलं. ते गिऱ्हाईक अजून पायरीवर बसून डोळे पुसत होतं, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर वाळलेला साबण. मोठेभाऊंनी तेवीस वर्षं देशाचा कारभार पाहिला, पण त्यांना पदाने हाक कोणी मारली नाही. आज घराघरात सख्खा भाऊ गेल्याची कळा होती.

ड्रायव्हरने उभ्याउभ्याच निरोप सांगितला. बारा वाजता लोकांना दर्शनासाठी आत सोडणार होते. जुना एकही कोट अंगावर राहत नव्हता, सगळे लोंबत होते. ताईंना, म्हणजे मोठेभाऊंच्या धाकट्या बहिणीला, नव्या कोटाची आठवण झाली. माप दोनच महिन्यांपूर्वी दिलेलं, तेव्हा तो तरी बसेल.

"झालाय ना तयार?" त्याने विचारलं.

"झालाय," मास्तर म्हणाले. "बटणं राहिलीत. गाडीत बसा, आलोच."

बटणं लागून आठवडा झाला होता. काजं-बटणं बायकोच करायची, त्यामुळे तिच्यासमोर ही थाप चालण्यासारखी नव्हती. ड्रायव्हर बाहेर पडताच ती म्हणाली, "काय झालंय ते सांगा आता."

मास्तरांनी मापांची वही तिच्यापुढे टाकली. सव्वीस वर्षं मोठेभाऊंचे कपडे त्यांच्या हातचे. मोठेभाऊंचं दुखणं देशाला कळायच्या दीड वर्ष आधी त्यांच्या टेपला कळलं होतं. छाती चाळीस, मग एकोणचाळीस, मग अडतीस. मोठेभाऊ एवढंच म्हणाले होते, "मास्तर, हे तुमच्यात आणि माझ्यात." मास्तरांनी बायकोजवळसुद्धा ब्र काढला नव्हता. खांद्यात थोडा कापूस जास्त, कमरेला थोडी आवळण, असं करत त्यांनी तो माणूस लोकांपुढे धडधाकट उभा ठेवला. सभेत कोणी म्हणालं, की भाऊंची तब्येत काय ठणठणीत आहे, तर मास्तरांची छाती फुगायची आणि लगेच ते विषय बदलायचे.

शेवटचं माप छत्तीस होतं. बायकोने कोटावर टेप लावली. कोट चाळीसचा होता.

"छत्तीसला कात्री चालेना गं," मास्तर म्हणाले. "दोनदा खडूने आखलं, दोनदा पुसलं. म्हटलं, भरून येतील. जुन्या मापावर कापला."

इतका पक्का कारागीर, पण अशी चूक नवशिक्याच्या हातूनही झाली नसती. बायको मात्र रागावली नाही. घड्याळात सव्वादहा झाले होते. पूर्ण कोट उसवून छत्तीसवर आणायला दोन दिवस लागले असते. मास्तरांनी अस्तर सोडवायला घेतलं, अर्ध्यात टाकलं, बाही उचलली, तीही टाकली. गाडीचा हॉर्न वाजला नाही, पण ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी दार उघडून लावत होता, आणि तो आवाज हॉर्नपेक्षा वाईट होता.

"पाठ उसवा," बायको म्हणाली. "तिथे जाऊन. अंगावर चढवा आणि मागून जेवढं जास्त आहे तेवढं दुमडा. आता पाठ कोण बघणारे?"

मास्तर तिच्यावर खेकसले. ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडे काम शिकलं, त्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं होतं, की समोरून कोट कोणीही बसवतो, शिंपी कळतो तो पाठीत. आणि तिनेच आता पाठ फाडायला सांगावी? सुई, पांढरा दोरा, ब्लेड, कापूस आणि कात्री पिशवीत घालून तिने पिशवी त्यांच्या हातात दिली.

मोठेभाऊंच्या घराच्या मागल्या दाराने त्यांना आत नेलं. पुढच्या दाराबाहेर आत्ताच रांग लागली होती, पार पुलापर्यंत. खोलीत ताई होत्या आणि इस्पितळातला एक माणूस होता. ताईंनी कोट पाहिला, पलंगाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"मोठा झालाय," त्या म्हणाल्या.

"माझी चूक आहे ताई. बसवतो मी."

त्यांनी कोट टेबलावर पालथा घातला आणि पाठीच्या मधल्या शिलाईला ब्लेड लावलं. शिलाई तुटेना. भाऊ भाषणात हात उंचावायचे, म्हणून तिथे मास्तर नेहमी दुहेरी शिलाई मारायचे. आपलंच काम आपल्या बोटांशी भांडत होतं. एकेक टाका सोडवताना त्यांना घाम फुटला. कॉलर तर उसवूनही भागणार नव्हतं, ती मधोमध कापावीच लागली. सव्वीस वर्षांत भाऊंच्या शिवून झालेल्या कपड्यावर त्यांनी कधी कात्री चालवली नव्हती.

मग ड्रायव्हरने आणि इस्पितळातल्या माणसाने भाऊंना थोडं उचललं. बाह्या सहज चढल्या. मास्तरांनी मागे चार इंच कापड एकावर एक घेतलं आणि मोठे मोठे कच्चे टाके घातले. काळ्यावर पांढरा दोरा. ट्रायलच्या वेळी घालतात तसे, पुढे पक्की शिलाई मारायची असते तेव्हाचे. डाव्या खांद्यात कापूस सारला. बटणं लावली, छातीवरून हात फिरवून एक चुणी काढली, उजवी बाही ओढून मनगटाशी आणली, बाजूला झाले.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. "होते तसे दिसताहेत," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. तेवढ्यात अधिकारी मंडळी आत आली. ड्रायव्हरने मास्तरांना दंडाला धरून मागल्या दाराने बाहेर काढलं.

दुकानात परत आल्यावर बायकोने पाणी दिलं. "कसे दिसत होते?" तिने विचारलं.

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. कॉलर आठवली. बाही आठवली. दुसरं बटण किंचित ढिलं होतं तेही आठवलं. चेहरा काही केल्या आठवेना. पाऊण तास ते त्या माणसापासून वीतभर अंतरावर होते आणि एकदाही वर बघितलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले.

रांगेत त्यांचा नंबर पुलाच्या पलीकडे लागला. मास्तरांना एका जागी उभं राहवेना. चार पावलं पुढे जायचे, टाचा उंचावून बघायचे, परत यायचे. बायको म्हणाली, "ताईंना निरोप धाडला तर आत नाही का घेणार?" त्यांनी मान हलवली. मग कोट कोणी बसवला हे आतल्या अधिकाऱ्यांनी विचारलं असतं, आणि कसा बसवला हेही. पुढे दहाबारा माणसं सोडून तो अर्ध्या दाढीचा उभा होता. त्याला कोणी हसत नव्हतं.

साडेचार तासांनी दोघं दाराशी पोचली. मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं, की चेहरा बघायचा, दुसरं काही नाही. पण त्यांची पाळी आली आणि नजर गेली ती थेट डाव्या खांद्यावर. दिवसभरात कापूस सरकला होता. खांदा बसला होता आणि तिथे एक बारीक घडी पडली होती. मास्तरांचा हात आपोआप पुढे झाला.

"हात लावायचा नाही, बाबा. पुढे चला," पहारेकरी हळू आवाजात म्हणाला.

मास्तर पुढे चालू लागले. मागून एक बाई शेजारणीला सांगत होती, "बघ ना, कोट कसा बसलाय अंगावर. आजारी होते असं वाटतच नाही."

बाहेर उजेड उतरला होता. रस्ता माणसांनी भरलेला होता, पण आवाज फक्त चपलांचा येत होता. कोपऱ्यापर्यंत जाऊन मास्तर थांबले.

"चेहरा कसा होता गं?" त्यांनी विचारलं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिला समजलं, आणि आपण आत नीट बघून घेतलं याचं तिला बरं वाटलं.

"शांत होता," ती म्हणाली. "दमून झोपल्यासारखा. डावीकडे थोडा कललेला."

"डावा खांदा पहिल्यापासूनच अर्धा इंच उतरता त्यांचा," मास्तर म्हणाले. "कोणाला कधी दिसला नाही."

एवढं बोलून ते फुटपाथच्या कडेला खाली बसले आणि तोंड ओंजळीत घेऊन रडू लागले. त्या दिवशी त्या रस्त्यावर रडणारे पुष्कळ होते, त्यामुळे कोणी वळून पाहिलं नाही. सकाळपासून त्यांच्या गळ्यात टेप तशीच लोंबत होती. बायकोने ती हळूच काढून घेतली आणि बोटांभोवती गुंडाळत त्यांच्या शेजारी बसून राहिली.