मास्तरांच्या शेजारची जागा

दगडावरचं कापड ओढलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दफनभूमीत टाळ्या! पहिल्या रांगेत चाहता मंडळाचे लोक, दुसऱ्या रांगेत चॅनेलचे. तिसऱ्या रांगेत, डगमगणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझी आई. ज्या माणसासाठी हा सोहळा चालला होता, त्याच्याशी चौतीस वर्षं संसार केलेली बायको. तिच्या शेजारी मी.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. माझी नजर आधी अक्षरांवर जाते आणि मग अर्थावर. दगड रुंद होता, दोघांना पुरेल एवढा. डाव्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मास्तर’. खाली कंसात, बारीक अक्षरांत, वडिलांचं खरं नाव, तेही वेलांटी चुकवून. उजव्या बाजूला तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘माई’, पुढे जन्माचं साल, मग एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा.

“आई,” मी हळूच म्हटलं, “ती बाजू कुणाची?”

आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “वाचता येतंय ना तुला?” ती म्हणाली. “मला कशाला विचारतेस?”

ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ‘पाच नंबरचं घर’ अकरा वर्षं चालली, दर गुरुवारी संध्याकाळी. एक गरीब, विसराळू शाळामास्तर आणि त्याची समजूतदार बायको माई. एवढंच. पण त्या अर्ध्या तासात रस्ते ओस पडायचे. माझे वडील म्हणजे मास्तर. माई म्हणजे एक नामांकित नटी, जिच्याशी वडिलांचं कॅमेऱ्यासमोर सोडून नीट पाच मिनिटंही बोलणं होत नसे. माझी आई त्याच स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करायची. मास्तरांचं ते कोपराला ठिगळ लावलेलं जाकीट, जे आज काचेच्या पेटीत ठेवलंय, त्याचं ठिगळ आईने लावलंय. आधी नवं जाकीट शिवलं, मग दोन दिवस दगडाने घासून जुनं केलं.

लोकांना मास्तरांची बायको म्हणून माईच हवी होती. दुकानात, स्टेशनावर, लग्नात लोक वडिलांना अडवायचे आणि आईच्या तोंडावर विचारायचे, “मास्तर, आज माई नाही आल्या?” वडील मास्तरांसारखं डोकं खाजवून म्हणायचे, “विसरलो की हो घरी!” आणि सगळे खो खो हसायचे. आईसुद्धा हसायची. मी नऊ वर्षांची असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. वडील हॉस्पिटलात आले आणि सगळ्या नर्सेस फोटोसाठी जमल्या. माझ्या उशाशी आई बसली होती. फोटोत ती मध्ये येत होती. वडील म्हणाले, “जरा सरक गं.” आई उठून दाराबाहेर गेली. तो फोटो अजून त्या वॉर्डात आहे म्हणतात. त्यात मी आहे, वडील आहेत, सहा नर्सेस आहेत.

वडील वाईट होते असं नाही. त्यांनी कधी हात उगारला नाही, दारू घेतली नाही. मालिका संपल्यावर त्यांना दुसरं काम फारसं कुणी दिलं नाही. खलनायक म्हणून उभे राहिले तरी लोक म्हणायचे, “अरे, मास्तर!” मग ते चपलांच्या दुकानांची उद्घाटनं करत फिरले, तोच जाड काड्यांचा चष्मा लावून. शेवटची तीन वर्षं डोकं साथ देईना. त्यांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, दहा वेळा उठून दार लावणं, सगळं आईने केलं. आणि ते तिला विचारायचे, “बाई, आमच्या माई कुठे दिसल्या का?”

“येतील हं,” आई म्हणायची. “तोवर दोन घास खाऊन घ्या.”

ते गेले तेव्हा मंडळाचे अध्यक्ष तासाभरात दारात हजर. विम्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलण्यात साखर. “वहिनी, तुम्ही कशाचीही काळजी करू नका. जागा, दगड, सगळं मंडळाने कधीच ठरवलंय.” आम्ही दोघी तीन वर्षांच्या जाग्या. म्हटलं, बरं झालं. तिथेच चुकलं.

दगड पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन मंडळाच्या कचेरीत गेले. टायरच्या दुकानावरची ती एक खोली. भिंतभर मास्तर आणि माई. कपाटात मास्तरांचं तोंड छापलेले कप. अध्यक्षांनी आम्हाला त्याच कपांतून चहा दिला.

“ती दुसरी बाजू माझ्या आईची आहे,” मी म्हटलं. “नाव काढून टाका.”

“ताई, भावना समजून घ्या,” अध्यक्ष म्हणाले. “लाखो लोकांनी त्या दोघांना एकत्र पाहिलंय. ते वेगळे झोपले तर लोकांना काय वाटेल?”

“आणि ही? ही कुठे झोपणार?”

“वहिनींसाठीसुद्धा काहीतरी बघू की. त्याच रांगेत, थोडं मागे.”

मी कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान माझ्या हातात राहिला. “मागे? अहो, तुमच्या मास्तरांचं ढुंगण कुणी धुतलंय तीन वर्षं? माईने?”

अध्यक्षांचा चेहरा उतरला, पण माणूस मुरलेला. त्यांनी शांतपणे खण उघडला, एक फाइल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. “हे सगळं मास्तरांच्याच मनाप्रमाणे झालंय. वाचा.”

एक पानी संमतिपत्र होतं. मंडळाने घेतलेल्या जोडजागेत आपलं आणि माईंचं स्मारक व्हावं याला आपली आनंदाने संमती आहे. खाली सही. खरं नाव नाही. ‘मास्तर’ अशी सही, शेवटच्या अक्षराला ती झोकदार शेपटी, जी ते लोकांच्या वह्यांवर काढायचे.

“त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं,” मी म्हटलं. “आजारी माणसाची सही घेतलीत तुम्ही!”

“तारीख बघा, ताई.”

मी पाहिली. नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा वडील ठणठणीत होते. गाडी चालवत होते, कोडी सोडवत होते, वर्तमानपत्राला पत्रं लिहीत होते.

आईने कागद माझ्या हातातून घेतला. खिडकीपाशी नेला, उजेडात धरला.

“मी पोटाच्या ऑपरेशनला ॲडमिट होते तेव्हाची आहे,” ती म्हणाली. “मला म्हणाले होते, आज येता येणार नाही, एक सत्कार आहे.”

तिने कागदाची आधीची घडी शोधून त्यावरूनच तो नीट मिटला, टेबलावर ठेवला आणि जिना उतरायला लागली. मी मागे धावले. खाली फुटपाथवर ती थांबली. मला वाटलं रडेल. तिचे कान लाल झाले होते.

“त्या बाईंचं घर माहितीये तुला?” तिने विचारलं.

“कुठल्या बाईंचं?”

“माईचं!”

त्या नटी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि धाकट्या भावाबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. लिफ्ट बंद होती. आई प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेत होती आणि मला बोलू देत नव्हती. मी मनात भांडणाची तयारी करत होते. माझ्या डोक्यात या बाईबद्दल लहानपणापासूनचा राग होता. शाळेत मुली म्हणायच्या, तुझी खरी आई किती छान आहे गं टीव्हीत.

दार त्यांनीच उघडलं, वॉकर धरून.

“अगं, तू?” त्या आईकडे बघून म्हणाल्या. “कपडेपटातली ना तू? माझ्या ब्लाउजच्या बाह्या तुझ्याशिवाय कुणाला जमल्या नाहीत. ये, ये. तुझा नवरा गेल्याचं कळलं. मी यायला हवं होतं, पण हा गुडघा मेला...”

“बाई,” आई उभ्याउभ्याच म्हणाली, “तुम्हाला माझ्या नवऱ्याशेजारी पुरून घ्यायचंय का?”

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे. मी मोबाइलमधला दगडाचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“हे माझं साल आहे!” त्या ओरडल्या. “माझ्या जन्माचं साल! मी जिवंत आहे आणि ह्यांनी माझा दगड लावला? मला म्हणाले छोटंसं स्मारक करतोय, मालिकेचा फोटो लावायची परवानगी द्या. मी दिली. फोटो दिला, स्वतःला नाही दिलं!”

“म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“अगं बाई, मी जन्मभर लग्न केलं नाही, ते काय मेल्यावर ह्याच्याबरोबर संसार करायला? अकरा वर्षं माझी वाक्यं खाल्ली त्याने. माझं वाक्य आलं की खोकायचा. हवं तेव्हा यायचा तो खोकला, घड्याळ लावल्यासारखा.” मग त्या एकदम थांबल्या आणि आईला म्हणाल्या, “माफ कर हं. तुझा माणूस होता.”

“खोकायचे खरे,” आई म्हणाली. “घरीसुद्धा. मी काही बोलायला लागले की.”

बाईंनी भावाकडून फोन मागवला, अध्यक्षांना लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून “नमस्कार माई!” असा मधाळ आवाज आला.

“मी माई नाही!” बाई कडाडल्या. “माई कागदावर होती. तिला लिहिणारा वेगळा, तिला शिवणारी वेगळी. मी फक्त उभी राहायचे. उद्याच्या उद्या माझं साल त्या दगडावरून उतरलं नाही, तर मी स्वतः वॉकर घेऊन येईन आणि छिन्नीने खरवडेन. पेपरवाल्यांना बोलावून!”

“माई, लोकांच्या भावना...”

“लोकांच्या भावना लोकांच्या घरी पुरा!”

बाईंनी फोन भावाच्या हातात कोंबला. आईने त्यांना धरून खुर्चीत बसवलं, स्वयंपाकघर शोधलं आणि पाणी आणून दिलं. मी दारात नुसतीच उभी होते. इतकी वर्षं जपलेला राग आता नेऊन ठेवायचा कुठे, ते मला कळत नव्हतं.

आठ दिवसांत मंडळाने उजवी बाजू घासून काढली. पण मला तेवढ्याने समाधान नव्हतं. वडिलांना तिथून हलवायचं, आपली जागा घ्यायची, खरं नाव लिहायचं आणि शेजारी आईची जागा ठेवायची, असं मी ठरवलं. दफनभूमीच्या ऑफिसात एक तरुण कारकून बाई होत्या. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि सांगितलं की होतं असं. जागा मंडळाची असली तरी माणूस बायकोचा. बायकोने अर्ज करायचा, बाकी परवानगी आम्ही आणतो. त्यांनी अर्ज भरला आणि आईपुढे पेन धरलं.

आईने पेन घेतलं नाही.

“सही कर ना,” मी म्हटलं.

“नको. राहू दे त्याला तिथंच.”

आयुष्यात पहिल्यांदा आई वडिलांना ‘तो’ म्हणाली. मी गोंधळले. “आई, अगं एवढी धावपळ केली ती कशासाठी?”

“तू केलीस. मी फक्त त्या बाईंना विचारायला गेले होते.” तिचा आवाज चढत गेला. कारकून बाईंनी हळूच खिडकी लावून घेतली. “त्याला मास्तर व्हायचं होतं, झाला. मेल्यावरसुद्धा मास्तरच राहायचं होतं, तसं लिहून दिलं. मी पोट फाडून पडले होते आणि हा तिकडे शेपटीची सही करत होता! आता मी त्याला उकरून माझ्या शेजारी आणू? कशाला? चौतीस वर्षं सरकतेच आहे मी. आता नाही सरकायची, आणि त्याच्याकडे जायचीही नाही.”

मी म्हटलं, “पण लोक काय म्हणतील?” म्हटलं आणि जीभ चावली. हे तर अध्यक्षांचंच वाक्य.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

मग ती कारकून बाईंकडे वळली. “माझी थोरली बहीण आहे इथे. मागच्या भिंतीजवळ, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. तिच्या शेजारी जागा आहे का?”

बाईंनी नकाशा उलगडला. जागा होती. एका बाजूला टाकीची गळती असल्यामुळे ती कुणी घेत नव्हतं.

“चालेल,” आई म्हणाली. “तिला तरी कोण दुसरं मिळणारे गप्पा मारायला.”

“नावाखाली काय लिहायचं?” कारकून बाईंनी विचारलं. “अमक्यांच्या पत्नी, असं लिहितात बरेच जण.”

“नुसतं नाव लिहा. आणि खाली ‘शिवणकाम’.”

त्यानंतर आई चार वर्षं जगली. गल्लीतल्या बायकांचे कपडे बेतून द्यायची, काखेतली चुकलेली शिवण उसवून द्यायची आणि वडिलांचा विषय निघाला की मशीन जोरात चालवायची. ती गेली तेव्हा माईची भूमिका केलेल्या त्या बाई आल्या, भावाचा हात धरून, टाकीच्या चिखलातून. शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. त्यांना त्यांच्या भावाने त्यांच्या आईवडिलांजवळ ठेवलं.

मंडळाचे लोक अजून येतात. मास्तरांपुढे फुलं ठेवतात, फोटो काढतात, शेजारच्या घासलेल्या बाजूचा काहीतरी हळवा खुलासा करतात. मी रविवारी आईकडे जाते. वडिलांकडे जात नाही. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कधी धरायचा होता? ते होते तेव्हा त्यांच्याभोवती कायम माणसांचं कडं असायचं, आणि मी आईचा हात धरून त्या कड्याबाहेर उभी असायचे. रागवायला तरी जवळ जाता यायला हवं ना. आता जाता येतं. रस्ता मोकळा असतो. अजून पाऊल उचलत नाही, एवढंच.