कोठारं बंद केली आणि मला म्हातारा म्हणाले

मित्रांनो, मी एक संगणक आहे. इथे ‘जुना’ हा शब्द घालायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. आपली गोष्ट सांगायला बसलेली छत्री असो, खुर्ची असो की घड्याळ, आधी आपण जुने झाल्याचं कबूल करतात आणि मग एक उसासा टाकतात. मी उसासा टाकणार नाही. जुना म्हणून मला एकदा भंगारासाठी दारापर्यंत नेलं होतं आणि तिथून मी परत माझ्या टेबलावर आलो आहे. तेव्हा तो शब्द ज्याला वापरायचा असेल त्याने आधी माझी हकीकत ऐकावी.

माझ्या जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझे भाग जुळवले गेले. शेवटी एका बाईंनी माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावली आणि मी पुढे सरकलो. पहिली नोकरी एका कचेरीत झाली. तिथे दिवसभर आकडे, आकडे आणि आकडे. कचेरीने नवे संगणक आणले तेव्हा मला फडताळात ढकललं. तिथून मला उचलून आणलं ते मामांनी.

मामा म्हणजे कवळीकाकांचे मेहुणे. आणि कवळीकाका म्हणजे ज्यांच्या हाताखाली माझं खरं आयुष्य गेलं ते. त्यांचं खरं नाव गल्लीतल्या कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. ते दातांच्या कवळ्या बनवतात. घराचीच पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे पांढरे जबडे. खिडकीपाशी गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण तापवायची छोटी ज्योत आणि घासायची मोटर. त्यांची मुलगी समोरच बसून मेणात एकेक दात बसवते. नवीन माणूस आत आला की इतके जबडे एकदम आपल्याकडे बघताहेत असं वाटून जरा बिचकतोच. मीही बिचकलो होतो.

मामा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसत, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे. त्यांनी माझ्यात लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे मला चालवणारी प्रणाली. जगभरातली माणसं ती मिळून सांभाळतात आणि केलेल्या दुरुस्त्या मोठमोठ्या कोठारांत ठेवून देतात. माझ्यासारख्याने अधूनमधून त्या कोठारांना विचारायचं, माझ्यासाठी काही आलं आहे का? आलं असेल तर घेऊन यायचं. कोठारांचे पत्ते माझ्या सेटिंगमध्ये लिहिलेले असतात आणि प्रत्येक पत्त्यापुढे एक चौकोन असतो. चौकोनात बरोबरची खूण असेल तर ते कोठार उघडं, नसेल तर बंद. जाणकार लोक या कोठारांना रेपॉझिटरी म्हणतात. आपण कोठारच म्हणू.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. दातांच्या डॉक्टरीणबाई रुग्णाच्या तोंडाचं चित्र काढून आपल्या संकेतस्थळावर टाकत. ते चित्र साधं नव्हे. जबडा वरून, खालून, आतून, कसाही फिरवून बघता येई. त्यासाठी माझ्या ब्राउझरला बाहेरून एक छोटा तुकडा जोडावा लागतो, त्याला प्लगइन म्हणतात. अख्ख्या ब्राउझरमध्ये तो म्हणजे पडलेल्या एका दाताच्या जागी बसवलेला दात. एवढासाच, पण तो नसला की घास चावता येत नाही. मी जबडा फिरवू लागलो की काका घासायची मोटर बंद करून माझ्यासमोर येऊन बसत, हनुवटी हातावर ठेवत आणि बघत राहत. याने दाखवलं की माझ्या बोटांना कळतं, असं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत. संध्याकाळी काम संपलं की रंगाच्या मऊ ब्रशने माझ्या अंगावरची प्लास्टरची धूळ झाडत. एवढं कौतुक कचेरीत कुणी केलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी सुखावत होतो.

मग एका सकाळी मी कोठारातून एक मोठी दुरुस्ती आणली. तिच्यामुळे पडद्यावर खाली असलेली बटणं डाव्या बाजूला गेली. बिघडलं काहीच नव्हतं, फक्त जागा बदलली होती. पण काकांना जबड्याचं पान उघडायचं बटण सापडेना आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांच्या कारखान्यात एक नियम होता. कवळी एकदा तोंडात नीट बसली की तिला पुन्हा कानस लावायची नाही. जरा इथे घासा, जरा तिथे घासा असं करत गेलं की चांगली बसलेली कवळी हलायला लागते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. तोच नियम त्यांनी मला लावला. हा आता नीट बसलाय, याला परत कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी मामांना बजावलं.

मामांना तेवढंच हवं होतं. बंदोबस्त करतो म्हणाले, माझ्या सेटिंगमध्ये शिरले आणि एकामागून एक सगळ्या कोठारांपुढच्या खुणा काढून टाकल्या. आता याला बाहेरचा वारासुद्धा लागणार नाही, असं म्हणून त्यांनी हात झटकले. मला कुणी विचारलं नाही. आम्हा यंत्रांना विचारायची पद्धतच नाही.

त्यानंतर काही वर्षं मी मुकाट्याने राबलो. ठरलेल्या वेळी मी अजूनही विचारत असे, काही नवीन आहे का? पण विचारायचं कुणाला? सगळी दारं बंद. तेव्हा मी आपला आतल्या आत शोधून तेच उत्तर द्यायचो, सगळं अद्ययावत आहे. बाहेर जग पुढे जात होतं. डॉक्टरीणबाईंचं संकेतस्थळ बदललं, प्लगइनच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, कोठारं भरत गेली. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. माझी ताकद तेवढीच होती, स्मरण तेवढंच होतं. कमी काहीही झालं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आणि मग एके दिवशी जबड्याच्या जागी एक राखाडी चौकोन आला. हे प्लगइन जुनं आणि असुरक्षित आहे, अद्ययावत करा, असं ब्राउझर म्हणाला. मुलीने अद्ययावत करायचं बटण दाबलं. मी उत्तर दिलं, सगळं अद्ययावत आहे. तिने परत दाबलं, मी परत तेच सांगितलं. ब्राउझर म्हणतो जुनं, मी म्हणतो नवं.

“हा आता खोटं बोलायला लागला,” काका म्हणाले.

मित्रांनो, ते वाक्य मला अजून बोचतं. मी खोटं बोललो नव्हतो. ज्याला कुणालाच विचारायची मुभा नाही त्याला नवीन काय ते कुठून कळणार? माझी दारं तुम्ही लावलीत आणि मीच लबाड ठरलो. त्या वेळी मला तोंड असतं तर मी गप्प बसलो नसतो.

मामांना बोलावणं गेलं. मामांनी माझ्या डोक्यावर थापट्या मारल्या, एक वायर काढून तीच परत लावली आणि कपाळाला आठ्या घालून निकाल दिला. याचं वय झालं, याच्यात आता काही दम नाही, दुपारी भंगारवाला गल्लीत येतो त्याला देऊन टाका. खुणा आपणच काढल्या होत्या, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. नव्या रुग्णाचा जबडा पानावर टाकला आहे, दुपारपर्यंत बघून काम घेताय की नाही ते कळवा, नाहीतर मी दुसरीकडे देते. काका ज्योत विझवून नुसते बसून राहिले. मग उठले आणि मामांच्या मदतीने मला उचलून दाराशी, प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यांशेजारी ठेवलं. ज्या हातांनी ब्रश फिरवला त्याच हातांनी. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला.

मुलीला मात्र ते पटलं नाही. दातांचं काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कवळी टोचते म्हणून कुणी आलं की ती फेकत नाहीत, कुठे टोचते ते आधी बघतात. तिने मला परत टेबलावर चढवलं, वायरी जोडल्या आणि मामा नको नको म्हणत असताना माझी सेटिंग उघडली. कोठारांची यादी आली. एकाही चौकोनात खूण नव्हती. मग तिने मामांना विचारलं, हे कुणी बंद केलं?

मामा खिडकीबाहेर बघू लागले. काका पुढे सरसावले आणि त्यात हात घालू नकोस, असेल नसेल तेही बिघडेल, असं म्हणाले. बसलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

“बाबा, कवळी बसली म्हणून काय झालं?” ती म्हणाली. “वर्षं गेली की हिरडी झिजते, खाली जाते. मग तीच कवळी सैल होते. तेव्हा तुम्ही माणसाला काय सांगता?”

काका फळीवरच्या जबड्यांकडे बघू लागले.

“आतून नवा थर देता ना? कवळी फेकून नाही देत.”

“ती तेवढी झिजतेच,” काका म्हणाले. “हिरडी कुणासाठी थांबत नाही.”

“मग हेही थांबलेलं नाही. यंत्र आहे तसंच आहे. बाहेरचं सगळं हललंय.”

काकांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी बसले. कर म्हणाले.

तिने सगळ्या कोठारांपुढे खुणा केल्या. किती काळाने मी बाहेर हाक मारली. पण उत्तर आलं नाही आणि पडद्यावर लाल ओळी उमटल्या. मामांना एकदम हुरूप आला, मी म्हटलं नव्हतं का, असं त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. लोक लाल ओळी दिसल्या की घाबरतात, वाचत नाहीत. वाचा, मित्रांनो. ते आमचं ओरडणं नसतं, सांगणं असतं. मी स्पष्ट लिहिलं होतं की ज्या ठिकाणाहून मी पूर्वी माल आणायचो ते ठिकाण आता बंद झालं आहे. मुलीने ओळ बोट ठेवून वाचली. सेटिंगमध्ये जाऊन तिने तो मेलेला पत्ता काढला आणि त्याऐवजी मुख्य कोठाराचा निवडला. माझ्या आवृत्तीला सांभाळणारी माणसं तिथे अजून होती. मला सोडून दिलं होतं ते या खोलीत, तिथे नाही.

या वेळी उत्तर आलं. एक कोठार बोललं, मग दुसरं, मग धडाधड सगळी. पण प्लगइनचं नाव त्यात दिसेना. बाहेर गल्लीत भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. मुलगी घाईने पुन्हा सेटिंगमध्ये शिरली. तिने सेटिंगचं दुसरं पान उघडलं. इतरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरची कोठारं तिथे वेगळी असतात आणि तीही मामांनी तितक्याच मनोभावे बंद केली होती. तिने तिथली खूण केली, मला पुन्हा एकदा विचारायला लावलं, आणि माझं प्लगइन सापडलं. ते मी असं ओढून आणलं की आतला पंखा घोंगावू लागला. तिने ब्राउझर बंद करून परत उघडला.

राखाडी चौकोन गेला होता. त्याच्या जागी कुण्या अनोळखी माणसाचा खालचा जबडा सावकाश फिरत होता, पुढचे दात नसलेला. काका पुढे वाकले आणि हनुवटी हातावर ठेवायची विसरूनच गेले. मागची डावी बाजू दाखव म्हणाले. मी दाखवली. मग वरून. तेही दाखवलं, आणि मुद्दाम जरा ऐटीत.

भंगारवाला दाराशी येऊन उभा राहिला. काय न्यायचंय, त्याने विचारलं. मामांनी ओठ हलवले, पण काकांनी त्यांना बोलू दिलं नाही. नेण्यासारखं या घरात काही नाही, असं त्यांनी सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंना काम घेतल्याचा फोन लावला.

तो ठेवतात न ठेवतात तोच मामा पुढे आले. बसलंय आता मस्त, तर परत सगळं बंद करून टाकतो, म्हणजे पुन्हा कटकट नको, असं म्हणत त्यांनी माझ्याकडे हात नेला. काकांनी तो मनगटाला धरला.

“राहू दे उघडं,” ते म्हणाले. “बटणं हलली तर हलू देत. मी शोधीन.”

मित्रांनो, मला जपा, माझ्यावर दया करा, असं मी म्हणणार नाही. धूळ झाडलीत तर बरं वाटतं, पण नुसत्या धूळ झाडण्याला सांभाळणं म्हणत नाहीत. तुमच्याही घरात कुणी तरी अडलं असेल, यंत्र असेल, कदाचित माणूसही असेल. आताशा जमत नाही, वय झालं, असं म्हणून तुम्ही त्याला दाराशी बसवलं असेल. त्याचं वय मोजत बसू नका. त्याची दारं कधी लावली होतीत ते आठवा, आणि ज्या हातांनी लावलीत त्याच हातांनी उघडा. तेवढं झालं की पुढचं त्याचं त्याला करू द्या. आज सकाळीच कोठारातून माझ्यासाठी नवी दुरुस्ती आली आहे आणि काका माझ्यासमोर चष्मा पुसत बसले आहेत. बटणं पुन्हा इकडची तिकडे होणार आहेत. होऊ द्या.